लॅपटॉप बघायला जाताना आपलं फुटेज बरोबर ने

प्रिय,

तू पाठवलेला तक्ता बघितला. तीन मॉडेलं, कोअर, गिगाबाइट, वजन, किंमत, सगळं व्यवस्थित मांडलं आहेस. पण तू त्यावर लग्नांचे व्हिडिओ एडिट करणार, हे त्यात कुठेच नाही. दोन-अडीच लाख घालायचे तर सुरुवात तिथून कर.

तुझा कॅमेरा सोनीचा. तू फोर-के शूट करतेस ते एक्सएव्हीसी-एचएसमध्ये, ४:२:२, १० बिट, म्हणजे रंगाचा जास्त तपशील राखून. आतून ते एचईव्हीसी, व्हिडिओ दाबून बसवायची एक पद्धत. फाइल लहान होते, पण उलगडताना यंत्राचा जीव जातो. त्यासाठी चिपमध्ये वेगळा डिकोडर लागतो. तो नसेल तर सगळा भार सीपीयूवर पडतो आणि दोन कॅमेऱ्यांची टाइमलाइनसुद्धा अडखळत चालते. अॅपलच्या एम मालिकेत तो आहे. इंटेलच्या लॅपटॉप चिपमध्येही अकराव्या पिढीपासून सर्रास आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ४:२:२ साठी तो २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आला. तुझ्या तक्त्यातलं दुसरं मॉडेल एएमडी प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० कार्ड असं आहे. कागदावर तिघांत तेच दणकट दिसतं, पण हा डिकोडर त्याच्या दोन्ही चिपांत नाही. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून काम भागतं, पण एवढे पैसे मोजून रोज रात्री प्रॉक्सी लावून झोपायचं असेल तर तुझा आत्ताचा लॅपटॉप काय वाईट आहे?

आता ग्राफिक्स कार्डाचं नाव. इथे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' हा प्रकार फार चालतो. लॅपटॉपमधला ४०७० कंपनीच्या मर्जीनुसार ३५ वॉटवर चालतो किंवा ११५ वॉटवर, आणि खोक्यावर नाव एकच. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) असते, लॅपटॉपच्याला ८. लॅपटॉपचा ४०९० घेतलास तरी १६ मिळते, डेस्कटॉपच्याला २४. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोर-केवर नॉइज रिडक्शन लावून वर दोन-तीन नोड (इफेक्टचे टप्पे) चढवले की मेमरी भरल्याचा इशारा येतो, तो याच ८ जीबीवर. म्हणून वॉट किती आणि व्हीरॅम किती, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारच. वॉटचा आकडा त्याला सहसा माहीत नसतो. कंपनीच्या तपशीलपत्रकात 'टीजीपी' शोध, कार्डाचे वॉट तिथे त्याच नावाने लिहितात.

आता मुख्य गोष्ट. महागड्या लॅपटॉपचे पैसे पहिल्या दोन मिनिटांच्या वेगासाठी मोजायचे नसतात. तो वेग स्वस्तातलं यंत्रही दाखवतं. पैसे असतात ते अर्ध्या तासानंतरही तोच वेग टिकण्याचे. म्हणून तुझ्याच एका लग्नाची दहा मिनिटांची टाइमलाइन, ग्रेडसकट (रंगांच्या कामासकट), एसएसडीवर घेऊन जा. एक्स्पोर्ट लाव, वेळ लिहून ठेव. संपलं की लगेच परत लाव, मग तिसऱ्यांदा. तिसरी वेळ पहिलीपेक्षा बरीच लांबली तर थंड करायची व्यवस्था लंगडी आहे. तेव्हा कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवून बघ. पंख्याचा आवाज ऐक, कारण याच यंत्रासमोर बसून तुला संवादाचा आवाज साफ करायचा आहे. आणि दुकानात एसी अठरावर असतो, तुझ्या नागपूरच्या खोलीत मे महिन्यात नसतो, हेही धरून चाल.

मग चार्जर काढ आणि तेच एक्स्पोर्ट पुन्हा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेले विंडोज लॅपटॉप बॅटरीवर चांगलेच मंदावतात; अॅपलचे जवळजवळ तसेच चालतात. हॉलवर वरातीच्या आधी 'सेम डे एडिट' (त्याच दिवशी दाखवायचा व्हिडिओ) करायला बसतेस तेव्हा प्लगपॉइंट डीजेवाल्याने अडवलेला असतो, हे मी तुला सांगायला नको.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. पी३ (रंगांचा मोठा पल्ला) या किमतीत बरेच जण देतात, त्यावर भाळू नकोस. मिनी-एलईडी पडद्यावर काळ्या चौकटीत पांढरी देवनागरी सबटायटल लाव आणि खोलीतला दिवा मालव. शिरोरेषेभोवती धूसर प्रभा दिसेल. कुणाला चालते, कुणाला नाही. ओलेडवर ती नसते, पण सॉफ्टवेअरची एकच चौकट दिवसभर उघडी ठेवणाऱ्यांना पडद्यावर डाग पडण्याची धास्ती असते. बघताना ट्रू टोन (खोलीच्या उजेडानुसार रंग बदलणारी अॅपलची सोय) आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद कर, नाहीतर तू स्क्रीन नव्हे, दुकानातल्या ट्यूबलाइटला दिलेलं उत्तर बघत बसशील.

मेमरीत मात्र कंजुषी नको. अॅपलची आणि बहुतेक पातळ विंडोज लॅपटॉपची मेमरी आता बोर्डावरच जडवलेली असते. नंतर वाढवता येत नाही. अॅपलमध्ये तीच ग्राफिक्सलाही वाटून जाते. स्टोरेजचं तसं नाही, थंडरबोल्ट या वेगवान पोर्टवर एसएसडी बाहेरून लावता येते. त्यामुळे दोन टीबी आतलं घेण्यापेक्षा मेमरीची पुढची पायरी घे. आणि नवीन ते चांगलंच असं धरू नकोस: अॅपलच्या एम२ प्रो चिपची मेमरी सेकंदाला २०० जीबी वेगाने वाहते, त्यानंतर आलेल्या एम३ प्रोची १५०. एम४ प्रोमध्ये ती २७३ वर गेली.

पोर्ट मोजताना आकारावर जाऊ नकोस. यूएसबी-सीची दोन सारखी दिसणारी भोकं, एकातून सेकंदाला ५ गिगाबिट, दुसऱ्यातून ४०. अॅपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोमधून एसडी कार्डाचा खाचा काढला आणि २०२१ मध्ये निमूट परत आणला. रात्री दोनला चार कार्डं उतरवणाऱ्या माणसांना मधली पाच वर्षं डोंगल (बाहेरून लावायचे अडॅप्टर) सांभाळावी लागली.

किरकोळ वाटणारी आणखी एक गोष्ट. धातूची बॉडी आणि दोन पिनांचा चार्जर असला की मनगटाला बारीक झिणझिण्या येतात, विशेषतः पाय फरशीवर उघडे असताना. घाबरायचं कारण नाही, पण तीन पिनांची वायर घे आणि घरचं अर्थिंग तपासून घे. तसंच नागपुरात अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का आणि बोर्ड गेला तर काय करतात, हे विकत घेण्याआधी तिथे जाऊन विचार. जीएसटी नोंदणी झाली असेल तर बिल त्याच नंबरावर बनव. १८ टक्क्यांचं क्रेडिट सोडायची चैन आपल्याला परवडत नाही.

माझं मत विचारशील तर: चौदा इंची मॅकबुक प्रो, 'प्रो' चिप, मेमरी परवडेल तेवढी. त्यावरच्या 'मॅक्स' चिपचे पैसे वाचव आणि त्यात घरी एक चांगला मॉनिटर लाव. सोळा इंची घेऊन तू बसमधून फिरणार नाहीस. गेल्या वर्षीचं मॉडेल वॉरंटीसह मिळालं तर बिनधास्त घे. ब्लेंडर किंवा थ्रीडीकडे वळायचं मनात असेल तर मात्र हा हिशोब उलटतो; मग आरटीएक्स ५० मालिकेचा, इंटेलवाला विंडोज लॅपटॉप बघ आणि चार्जरचं वजनही तक्त्यात लिही.

शनिवारी जाणार म्हणालीस. रविवार-शनिवार कुणी तुला तासभर यंत्राला हात लावू देणार नाही, मंगळवार-बुधवारी सकाळी जा. आधी फोन करून डेमो मशीनवर रिझॉल्व्ह टाकू देतील का ते विचार. बऱ्याच ठिकाणी ती कुलूपबंद असतात. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघ. तिन्ही वेळांचे आकडे मला पाठव, मग फोनवर बोलू.

तुझा,
दादा