‘टाउन मीटिंग’ला नगरसभा म्हणावं का?

दादरहून एका ताईंनी विचारलंय की अमेरिकेतल्या टाउन मीटिंगवर मुलांसाठी लेख लिहितेय, त्या सभेला ‘नगरसभा’ म्हटलं तर चालेल का. माझं मत, नको. नगरसभा वाचलं की आपल्या मुंबईकरांच्या डोळ्यासमोर नगरसेवक येतात, म्हणजे आपण मत देऊन पाठवलेली माणसं आत बसून ठराव करतायत असं. आणि टाउन मीटिंगची सगळी गंमत नेमकी उलटी आहे, तिथे मतदार स्वतःच सभासद असतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावी ही सभा भरते (काही गावं वेगळा दिवसही धरतात), लोक शाळेच्या नाहीतर टाउन हॉलच्या खुर्च्यांवर बसतात, विषय आधीच नोटिशीत छापलेले असतात, रस्त्यांना किती पैसे, नवा ट्रक घ्यायचा का, आणि मग तिथेच हात वर करून किंवा ‘आय’ (म्हणजे हो) ‘नो’ (नाही) ओरडून बजेट मंजूर किंवा नामंजूर.

याला आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द ग्रामसभाच. संविधानाच्या 243व्या कलमातली व्याख्या बघा, गावाच्या मतदार यादीत नाव असलेले सगळे मिळून ग्रामसभा, निवडून आलेली ती ग्रामपंचायत. हा फरक आपल्या भाषेत इतका स्वच्छ आहे की तो वापरायलाच हवा! शिवाय तिकडचं ‘टाउन’ म्हणजे शहर असेलच असं नाही, शेतं-जंगलं धरून आखलेली हद्द असते, वस्ती कधी कधी हजाराच्या आत, त्यामुळे ‘नगर’ तसंही चुकतंच. मी ‘गावसभा’ लिहीन, कारण ग्रामसभा म्हटलं की आपला कायदा, सरपंच, ग्रामसेवक सगळं मागून येतं.

‘आमसभा’ पण कुणी सुचवेल, पण तालुक्याला आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते ती आमसभा, तिथे लोक तक्रारी मांडतात, बजेटवर मतदान करत नाहीत. आणि बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसांत ज्याला ‘टाउनहॉल’ म्हणतात ती तर साहेबांनी स्टाफशी बोलायची मीटिंग, तिचा इथे संबंध नाही.

एक मात्र जपा. सभा चालवणारा ‘मॉडरेटर’ असतो त्याला सरपंच करू नका, कारभारी मंडळ वेगळं निवडलेलं असतं आणि हा वेगळा. नुसतं ‘सभाध्यक्ष’ लिहा, नोटिशीला ‘विषयपत्रिका’, मुलांना अडणार नाही.