वीर्य कमी येण्याची कारणे

वीर्य पूर्वीपेक्षा कमी येते, याचे कारण आपण विचारले आहे. वारंवार वीर्यपतन होत असेल किंवा तपासणीसाठी नमुना देताना पहिले थेंब भांड्याबाहेर सांडले असतील, तर प्रमाण साहजिकच कमी भरते; म्हणून दोन ते सात दिवस वीर्यपतन न होऊ देता दिलेल्या नमुन्यातही ते १.४ मिलिलिटरपेक्षा कमी आढळले, तरच पुढे शोध घ्यावा. जुना मधुमेह असल्यास किंवा प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) शस्त्रक्रियेनंतर काही वेळा वीर्यपतनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड नीट मिटत नाही आणि वीर्य उलटे मूत्राशयात जाते. मग नंतरची लघवी गढूळ दिसते व तपासणीत तिच्यात शुक्राणू सापडतात. प्रोस्टेटच्या त्रासावरील टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनीही प्रमाण घटू शकते, मात्र त्या परस्पर बंद करू नयेत. वीर्यवाहिनीतील अडथळा आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कमतरता ही आणखी दोन कारणे मूत्ररोगतज्ज्ञ तपासतात.