सरकारदरबारी नाव लागलं, तर मोर्चा काढता येईल का?

प्रश्न : आमची महिला संस्था तालुक्याच्या गावी पाच वर्षं समुपदेशन केंद्र चालवते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी म्हणतात, त्याच कायद्याखाली सेवा पुरवणारी संस्था म्हणून नोंदणी करा. पण कार्यकर्त्यांना धास्ती आहे, की मग पोलिसांविरुद्ध तोंड उघडता येणार नाही. काय करावं?

उत्तर : नोंदणी जरूर करा. 2005च्या कायद्याचं कलम 10 त्यासाठीच आहे. अर्ज नमुना 6 मध्ये राज्य सरकारकडे करायचा. अर्जाच्या तारखेआधी किमान तीन वर्षं हे काम चालू असायला हवं. तीन वर्षांचा पुरावा म्हणून केसरजिस्टर, वार्षिक अहवाल, ऑडिट जोडा. फोटो आणि कात्रणांवर विसंबू नका.

धास्तीचं मूळ कलम 30 मध्ये आहे. या कायद्याखाली काम करताना संस्थेचे सदस्य लोकसेवक मानले जातात. 'काम करताना' हे शब्द कार्यकर्त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही सरकारी नोकर होत नाही. ठाण्यात तक्रार घेत नाहीत म्हणून मोर्चा काढायला हा कायदा आड येत नाही. मात्र तक्रारदार बाईचं नाव किंवा तिच्यावरच्या हिंसेच्या अहवालाची प्रत मोर्चात फिरली, तर घात होतो तिचाच.

नोंदणीने खरं हाती येतं ते नमुना 1, म्हणजे बाईवर झालेल्या हिंसेची नोंद करणारा घटना अहवाल. तो तुम्ही स्वतः भरून न्यायदंडाधिकाऱ्यांना आणि संरक्षण अधिकाऱ्यांना पाठवू शकता, पण बाईची इच्छा असेल तरच. चुका इथेच होतात. 'नवरा दारू पिऊन मारतो' एवढी एक ओळ लिहून फॉर्म पुढे जातो. प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा, कुणी केलं, इजा काय, हे वेगवेगळं लिहा. तारीख आठवत नसेल तर सणाच्या किंवा मुलाच्या परीक्षेच्या आधारे विचारा. आर्थिक हिंसेचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. स्त्रीधन काढून घेणं, घरखर्च बंद करणं त्यातच येतं. पुढे पोटगी आणि दागिने मागताना ही कोरी जागा नडते. वैद्यकीय तपासणी करवली, तर तिचा अहवाल संरक्षण अधिकारी आणि पोलिस ठाणे, दोघांकडे पाठवा.

नोंदणी म्हणजे अनुदान नव्हे. बोलण्यावर बंधन येतंच, तर ते बहुधा अनुदानाच्या करारातून येतं. सही करण्याआधी प्रसिद्धीची आणि केसची कागदपत्रं दाखवण्याची अट कार्यकारिणीत वाचा. केसफाइल मागता येईल असं मोघम वाक्य असेल, तर ते बदलून घ्या. केसची संख्या द्यावी, नावं देऊ नयेत.

प्रश्न : पोलिसांच्या आवारातला महिला विशेष कक्ष पोलिसांचाच ना? मग बाईला तिथे कशाला पाठवायचं?

उत्तर : नाही. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिस आयुक्तालयात हा कक्ष सुरू केला. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो स्वीकारला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. आवार पोलिसांचं असल्याने सासरची माणसं बोलावल्यावर येतात, हा त्याचा मोठा उपयोग. पण कक्षात दिलेला अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. गुन्हा नोंदवायचा असेल तर ठाण्यात वेगळी तक्रार द्या आणि प्रत मागून घ्या. ती मोफत मिळते.