रेबीजची लस दरवर्षी का तीन वर्षांनी? कायदा काय म्हणतो?

डॉक्टर म्हणतात दरवर्षी, नेटवर तुम्ही वाचलं तीन वर्षांनी, आणि कुत्रा नि मांजर दोघांचं विचारताय. तर दोन्ही बरोबर असू शकतं, कारण सगळीकडे चालेल असा एक आकडाच नाहीये. अमेरिकेत तर देशभराचा एक कायदाच नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा.

सुरुवात मात्र बरीचशी सारखीच असते. पिल्लू साधारण 12 आठवड्यांचं झालं की पहिला डोस (त्याआधी दिला तर आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लशीला नीट काम करू देत नाहीत), मग वर्षभराने बूस्टर, आणि तो शक्यतो टाळायचा नाही, लशीवर तीन वर्षं लिहिलेलं असलं तरी. त्याच्या पुढे दोन गोष्टी बघायच्या, लस किती वर्षांसाठी मंजूर आहे आणि तुमच्याकडचा नियम काय म्हणतो, यातली जी मुदत आधी संपते ती धरायची. म्हणजे लस तीन वर्षांची पण नियम दरवर्षीचा, तर दरवर्षीच.

मांजर घराबाहेर पडत नाही म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी मांजरांनाही सक्ती आहे, आणि रेबीज पसरवू शकणारं वटवाघूळ काही विचारून घरात येत नाही.

आता माझा गाढवपणा ऐका. कुत्र्याला घेऊन युरोपात जायचं होतं आणि बूस्टरची तारीख उलटून तीन आठवडे झालेले, मला वाटलं त्यात काय, देऊन टाकू. पण तिथे मुदत संपली की पुढचा डोस पहिला धरतात, म्हणजे परत 21 दिवस थांबा! तिकिटं बदलली, घरच्यांची बोलणी खाल्ली. चिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची मायक्रोचिप) आधी बसवलेली होती तेवढं नशीब, कारण चिपच्या आधी दिलेली लस तिथे मोजतच नाहीत.

टायटर टेस्ट (रक्तात रेबीजविरुद्धच्या अँटीबॉडीज किती आहेत ते मोजणारी तपासणी) चांगली आली म्हणून लस नको असंही कुणी सांगेल, पण ती काही देशांत प्रवेशासाठी मागतात, लशीच्या ऐवजी सहसा चालत नाही.

कुत्रा कुणाला चावला तर लस दिलेली असली तरी साधारण 10 दिवस नजरेखाली ठेवायला सांगतात, पण त्याला स्वतःला पिसाळलेलं जनावर चावलं आणि लसच नसेल तर कित्येक महिने क्वारंटाइन नाहीतर थेट मारून टाकणं, इतकं कडक असतं. म्हणून सर्टिफिकेटवरची पुढची तारीख आजच मोबाईलमध्ये टाका, महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट.