आश्रमशाळेत संशोधनाला निघण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. मेळघाटातल्या आश्रमशाळांमधील मुलींना रक्तक्षयाविषयी आरोग्यशिक्षण द्यायचे आणि त्यामुळे लोहाच्या साप्ताहिक गोळ्या नियमित घेण्याचे प्रमाण वाढते का हे तपासायचे, हा विषय मला मनापासून आवडला. नमुन्याचा आकार, प्रश्नावली, हिमोग्लोबिन मोजण्याची पद्धत, या सगळ्यांवर तू चांगली मेहनत घेतली आहेस. नैतिक बाबींना मात्र आराखड्यात चारच ओळी मिळाल्या आहेत आणि त्यांतली एक अशी आहे : ‘प्रकल्प अधिकारी व मुख्याध्यापक यांच्या परवानगीने मुलींचा सहभाग निश्चित केला जाईल.’ मुख्यतः या वाक्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

परवानगी आणि संमती यांची गल्लत झाली की काय होते, हे आपल्या देशाने पाहिलेले आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्य सरकारांच्या सहकार्याने हाती घेतला. खम्मममधील अनेक मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. प्रकल्पाच्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवावे लागले. चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, आणि ही लस उपयुक्त आहे याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात जे नोंदवले ते आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचले पाहिजे. आंध्रमधील ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या. प्रकल्पाच्या साहित्यावर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचे बोधचिन्ह होते, त्यामुळे हा सरकारचा नेहमीचा लसीकरण कार्यक्रम आहे, असेच कोणालाही वाटले असते. म्हणजे मुलींना आणि पालकांना आपण एका अभ्यासाचा भाग आहोत हे समजण्याची सोयच नव्हती. एका चांगल्या लसीभोवती पुढे कितीतरी वर्षे संशय राहिला, त्याची मुळे या सह्यांमध्येही आहेत, असे माझे मत आहे.

तुझ्या अभ्यासात लस नाही, बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आहे आणि काही प्रश्न विचारायचे आहेत. म्हणून धोका कमी आहे, हे खरे. तरीही मुख्याध्यापकांची परवानगी तुला फक्त शाळेच्या फाटकातून आत नेते. त्यापुढे प्रत्येक मुलीच्या आईची किंवा वडिलांची संमती लागते, आणि त्याशिवाय मुलीची स्वतःची मान्यता लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी मान्यता घ्यायची असते. वडिलांनी अंगठा दिला आणि मुलगी नाही म्हणाली, तर तिला अभ्यासात घ्यायचे नाही.

पालकांना गाठायचे कसे, हा प्रश्न तुला पडेल. मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मोठ्या संख्येने कामासाठी बाहेर जातात आणि होळीला गावी परततात. तू जानेवारी महिना धरला आहेस, म्हणजे नेमकी घरे बंद असतानाचा. जूनअखेरीस शाळा उघडताना किंवा दिवाळीची सुट्टी संपताना पालक मुलींना पोहोचवायला स्वतः येतात. वेळापत्रक त्याभोवती बांध. सहा महिने लांबले तरी चालतील. माहितीपत्रक मराठीत असून भागणार नाही, ते कोरकूत समजावून सांगणारी व्यक्ती हवी, आणि ती शाळेच्या नोकरीत नसलेली असावी.

मुलींची मान्यता घेण्याची जी रीत सगळीकडे चालते ती तुझ्या डोळ्यांसमोर येईलच. वॉर्डन मुलींना व्हरांड्यात रांगेत बसवतात, ‘शहरातून मॅडम आल्या आहेत, त्या तुमच्या भल्याचं सांगतील,’ असे बजावतात आणि मग विचारतात, ‘कोण कोण तयार आहे? हात वर करा.’ सगळे हात वर जातात. जिला सुईची भीती वाटते तिचाही, आणि जिला पाळीबद्दल बोलायचे नाही तिचाही. अशा वेळी तू वॉर्डनांना नम्रपणे बाहेर थांबायला सांग, एकेका मुलीशी वेगळे बोल, आणि नाही म्हटले तरी गोळ्या मिळतील, सत्रात बसता येईल आणि कोणीही रागावणार नाही, हे आधी सांग. नंतर ते खरे ठरेल याची व्यवस्थाही कर. आरोग्यशिक्षण सर्वांना मिळाले पाहिजे. ऐच्छिक आहे ती फक्त तुझी प्रश्नावली आणि रक्ततपासणी.

आता तुझ्या सत्रातील मजकुराविषयी. तुझ्या फ्लिपचार्टवर लोहाच्या गोळीचे फायदे सहा चित्रांत आहेत, आणि तिचा त्रास एकाही चित्रात नाही. कारण मला समजते : त्रास सांगितला तर मुली गोळी टाकून देतील आणि तुझे आकडे पडतील, अशी भीती तुला वाटली असणार. पण लोहाची ही निळी गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो, काहींना मळमळते, पोटात दुखते. हे आधी न कळलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी काळी शौच झाली, तर ती घाबरते, मैत्रिणींना सांगते, आणि पुढच्या आठवड्यात अख्ख्या खोलीतल्या गोळ्या गटारात जातात. ‘काळा रंग दिसेल, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, गोळी जेवणानंतर घ्यायची, फार मळमळले तर मला किंवा नर्सताईंना सांगायचे’ एवढे तू आधीच सांगितलेस, तर तिने गोळी घेणे हा तिचा निर्णय राहतो. अर्धे सत्य सांगून वाढवलेले प्रमाण मी तुझ्या शिक्षणाचा परिणाम मानणार नाही.

तुलनेसाठी घेतलेल्या शाळांना तू काहीच देणार नाहीस, असे लिहिले आहेस. या मुद्द्यावर मुंबईतील एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९९८ मध्ये तेथील झोपडपट्ट्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. एका गटातील स्त्रियांची व्हिनेगर वापरून नियमित तपासणी झाली, आणि सुमारे ७६ हजार स्त्रियांच्या तुलनात्मक गटाला कर्करोगाबद्दलचे आरोग्यशिक्षण तेवढे मिळाले. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. भारतात अशी तपासणी एरवी उपलब्धच नव्हती, म्हणून तुलनात्मक गटाचे काही हिरावले गेले नाही, असा संशोधकांचा युक्तिवाद होता. तपासणीचा उपयोग आधीच माहीत होता, असे टीकाकारांचे म्हणणे होते. मला टीकाकारांची बाजू अधिक पटते, कारण आपले आरोग्यशिक्षण उपचाराची जागा भरण्यासाठी वापरले जाणे मला मान्य नाही. तू निदान एवढे कर : अभ्यास संपल्यावर तुलनेच्या शाळांमध्ये हीच सत्रे घे, आणि कोणत्याही गटातील मुलीचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली आढळले, तर तिला त्याच दिवशी धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवण्याची सोय आराखड्यात लिही. त्यामुळे तुझी तुलना थोडी बिघडेल, ती बिघडू दे.

हिमोग्लोबिनचे आकडे वर्गात वाचून दाखवायचे नाहीत, यादी सूचनाफलकावर लावायची नाही, आणि वॉर्डनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायची नाही. या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि वाहक आहेत. एखाद्या मुलीबद्दल अशी माहिती गावात पसरली, तर तिच्या लग्नापर्यंत त्याचे परिणाम पोहोचतात.

गोपनीयतेच्या बाबतीत माहितीपत्रकातले एक वाक्य बदलावेच लागेल. ‘तुम्ही सांगितलेले सर्व काही गुप्त राहील’ असे तू लिहिले आहेस. पाळीबद्दल एकांतात बोलताना एखादी मुलगी आपल्यावर झालेल्या अत्याचाराविषयी सांगू शकते, आणि बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. म्हणजे जे तुला पाळता येणार नाही असे वचन तू त्या मुलीला देत आहेस. कोणत्या प्रसंगी तुला गप्प राहता येणार नाही, हे तिला बोलायला लागण्यापूर्वी कळले पाहिजे, आणि तसा प्रसंग आला तर तिच्यासोबत कोण असेल हेही तुझ्याकडे ठरलेले असले पाहिजे.

सॅनिटरी पॅडच्या कंपनीने मोफत नमुने आणि बॅनर देऊ केल्याचे तू कळवलेस. ते नाकार. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परिसंवादांना पैसे देण्यापासून कायद्याने रोखावे लागले, त्यामागे मोठा अनुभव आहे. पॅडसाठी तसा कायदा नाही, पण मुलींच्या दृष्टीने तुझ्या मागे टांगलेला बॅनर हा तुझाच सल्ला असतो.

पहिली मुलगी अभ्यासात येण्याआधी सीटीआरआयमध्ये, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी कर आणि तुझा मुख्य निष्कर्ष कोणत्या मोजमापावर अवलंबून राहील ते तिथे लिहून ठेव. सत्रानंतरच्या परीक्षेत मुलींचे गुण वाढतील, ते नेहमीच वाढतात. गोळ्या घेण्याचे प्रमाण वाढले नाही, तर तसेच छापायचे. तसा प्रबंध माझ्याकडे आला, तर मी त्यावर आनंदाने सही करीन.

नैतिकता समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी सुधारित माहितीपत्रक, मुलींसाठीचा मान्यतेचा वेगळा नमुना आणि गोळीच्या त्रासाविषयीचे नवे चित्र एवढे मला पाठव. कोरकू बोलणाऱ्या एखाद्या आशाताईंना ते आधी ऐकव आणि त्या जिथे अडतील तिथे खूण करून ठेव. त्या खुणांसकट मसुदा मला हवा आहे.

तुझी,
मॅडम