तेलकट हातांसाठी ॲप

प्रश्न: भोसरीतल्या आमच्या सीएनसी शॉपमधल्या (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यातल्या) कामगारांनी व्हिडिओ करून एकमेकांना शिकवावं, यासाठी ॲप बनवतोय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: लॉगिनपासून मुळीच नको! तेलकट हाताने पासवर्ड कोण टाकणार? मशीनवर क्यूआर कोड चिकटवा; १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत तो वाहनांच्या सुट्या भागांसाठीच तयार झाला. स्कॅन केलं की त्याच मशीनचे व्हिडिओ दिसावेत. एका व्हिडिओत एकच काम, उदाहरणार्थ टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या मापातला फरक, जो मशीनला सांगावा लागतो) कसा घ्यायचा. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर. खाली मराठी-हिंदी मजकूर हवाच, कारण मशीन चालू असताना बोलणं ऐकू येत नाही. करणाऱ्याचं नाव ठळक द्या. आयुष्य लेथवर काढलेल्या माणसाचा तो मान आहे. आणि बनवायच्या भागाचं ड्रॉइंग बदललं की जुना व्हिडिओ त्याच दिवशी काढा.