मॅकियाव्हेली स्वतः हुकूमशाहीचा समर्थक होता का?

नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने प्रजासत्ताकाच्या नोकरीत घालवली. इटलीतल्या फ्लॉरेन्स या शहर-राज्यात १४६९ साली जन्मलेला निकोलो मॅकियाव्हेली १४९८ मध्ये तिथल्या सरकारी कचेरीत अधिकारी झाला आणि पुढची १४ वर्षं फ्रान्सचा राजा, पोप, पोपचा सेनानी मुलगा चेझारे बोर्जा अशांकडे शहराचा दूत म्हणून जात राहिला. भाडोत्री सैनिकांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून त्याने खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांची फौज उभी केली आणि १५०९ मध्ये फ्लॉरेन्सच्या हातून गेलेलं पिसा शहर परत मिळवताना ती कामी आली. माझ्या मते हेच त्याचं सर्वांत मोठं काम, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

१५१२ मध्ये फ्लॉरेन्सवर पूर्वी हुकूमत गाजवणारं मेदिची हे धनाढ्य घराणं परत सत्तेवर आलं आणि त्याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंग. मागे बांधलेल्या हातांना दोर लावून वर खेचायचं आणि खाली सोडायचं, असा छळ होऊनही त्याने काही कबूल केलं नाही. सुटल्यावर गावाकडच्या घरी बसून त्याने 'द प्रिन्स' हे सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी याचा राज्यकर्त्यांना सल्ला देणारं पुस्तक लिहिलं, तेही पुन्हा काम मिळावं या आशेने मेदिचींसाठी. म्हणून फक्त त्या छोट्या पुस्तकावरून त्याला जोखणं मला अन्यायाचं वाटतं. रोमन इतिहासकार लिव्हीवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात तो लोकांच्या राज्याचीच बाजू घेतो. दोन्ही पुस्तकं छापली गेली ती १५२७ मधल्या त्याच्या मृत्यूनंतर.